मुखवट्याचा दुसरा डोळा

चंद्रपूर स्टेशनवर उतरताना पायरीचा अंदाज चुकला आणि मी थेट हमालाच्या अंगावर गेलो. एक डोळा गेल्यापासून हे असंच. वस्तू दिसते, पण जवळ की लांब ते कळत नाही. चित्रकाराचा धंदा बसायला एवढं पुरतं. वर्षभर ब्रशला हात लावला नव्हता. ऊर्जानगरच्या विलासने, माझ्या कॉलेजमित्राने, हट्टाने बोलावलं आणि पोंभुर्ण्यापलीकडच्या एका गावात त्याच्या ओळखीच्या तानाबाईंच्या घरी नेऊन सोडलं.

तानाबाईंनी भात आणि वांग्याची भाजी वाढली, वर मूठभर सांबार (कोथिंबीर). मी पाणी पेल्याबाहेर ओतलं. त्यांनी फडक्याने पुसून घेतलं. जेवणानंतर चार-पाच मुखवटे पुढ्यात ठेवले.

“भाऊ, तुमी पेंटर हाव ना? याचे डोळे उडून गेले. रंगवून द्या.”

मोहफुलं वेचायला जाताना इथल्या बाया हे मुखवटे डोक्याच्या मागे बांधतात.

“वाघ मांगून येते. दोन डोळे त्याले पाहून राह्यले म्हणजे येत नाई.”

नाही म्हणवेना. नाकाशी धरून एकेक रंगवला. दुरून पाहायचं सुचलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहाटे निघालो, बाया पुढे, मी मागे. उजाडलं आणि मुखवटे नीट दिसले. प्रत्येक मुखवट्यावरून मीच माझ्याकडे बघत होतो! एक डोळा रोखलेला, दुसरा विझलेला. रोज आरशात दिसणारा चेहरा हाताने परस्पर उतरवला होता.

“थांबा, तानाबाई!” मी ओरडलोच.

त्यांनी मुखवटा सोडून पाहिला. “अगा माय! हा तं काना हाय! काऊन, भाऊ?”

“मी असाच दिसतो,” मी म्हणालो.

तेवढ्यात झुडपांमागे चितळ ओरडलं. पुन्हा ओरडलं. वाघ जवळपास असल्याची ती खूण. माझी पाचावर धारण बसली. तानाबाईंनी मुखवटा परत बांधला आणि माझ्याकडे पाठ केली.

“दुसरा डोळा आत्ताच काढा. इथीच.”

रंग घरी होते. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळलेला असतो, त्यातला कोळसा उचलला. तानाबाईंनी चंचीतला (तंबाखूच्या पिशवीतला) चुना मागे हात करून दिला. माझं बोट आधी हवेतच फिरलं. मग डावा हात मुखवट्यावर टेकवला आणि त्याच्या आधाराने दुसरा डोळा काढला. तानाबाई हलल्या नाहीत. मग बाकीच्यांचे काढले. केव्हातरी चितळ गप्प झालं.

दुपारी पक्क्या रंगाने सगळे डोळे पुन्हा काढले, अंगणाच्या टोकाला जाऊन तपासले.

निघायच्या दिवशी तानाबाई निरोप घेऊन जंगलाकडे वळल्या. त्या जात होत्या आणि वळण येईपर्यंत दोन डोळे माझ्यावर रोखलेले होते. घरी आल्यावर तेच काढायला घेतलंय, डावा हात कॅनव्हासवर टेकवून. अंतर अजून चुकतं. डोळे मात्र आधी दोन्ही काढले.