नौदलाच्या तळावर, परक्या बुटांत

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून २० मिनिटे. ऑकलंडसमोरच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर माओरी सभागृह आहे, त्याला मराए म्हणतात. त्याच्या पायऱ्यांवरून माझे काळे बंद बूट कोणीतरी घालून गेलं. शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं, तक्रार लिहायची तर आधी तारीख, वेळ, जागा, रडारड नंतर. म्हणून हे आधी. बाकी प्रवास सुंदर झाला, आणि एका बूटचोरापायी तो कमी सुंदर लिहायची माझी तयारी नाही.

आमचे हे मुंबईच्या गोदीत बत्तीस वर्षं डिझेल फिटर होते. वर्षातून एकदा घरच्यांना जहाज दाखवता यायचं. एका वर्षी मुलीला गोवर, एका वर्षी नेमकी त्याच दिवशी यांची ड्युटी. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणता म्हणता हे निवृत्त झाले, आणि मग गेलेच. इंजिनरूमबद्दल मात्र रोज बोलायचे. एकदा मी म्हटलं, "सगळं तेलकट, घाणेरडं असणार." तर म्हणाले, "तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ असते." हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. डेव्हनपोर्टला एक दिवस लोकांना जहाजं बघता येणार, इंजिनरूमसुद्धा, असं कळलं तेव्हा मी नातीला म्हटलं, "इरा, चल. मला एक गोष्ट तपासायची आहे."

आम्ही राहतो त्या हॅमिल्टनहून आमच्या विहारातल्या मंडळींची मिनीबस साडेसहाला निघाली. "जय भीम मावशी, पुढे बसा, मागे बस लागेल," आमचा आयोजक मिलिंद म्हणाला.

"मला बस लागत नाही. तू लावलेली गाणी लागतात."

जहाजावर बंद बुटांशिवाय सोडत नाहीत, हे त्याने दोनदा बजावलं. मी तर साडीवरही बूटच घातले होते, महिनाभर आधी घेतलेले, रोज घरात घालून मऊ केलेले.

तुम्ही जाणार असाल तर डेव्हनपोर्टपर्यंत गाडी नेऊ नका. जायला एकच मोठा रस्ता, आणि त्यावर सगळे आपल्यासारखेच शहाणे. गाडी शहरात ठेवा आणि फेरी पकडा. जेमतेम बारा मिनिटं, पण वाऱ्याने टोपी उडते. धक्क्यावरून तळाकडे वळलं की डावीकडे समुद्र, उजवीकडे टुमदार दुकानं, आणि चालत गेलं की राखाडी जहाजं दिसायला लागतात. इतकी मोठी की मान आपोआप मागे जाते.

मराएवरचं स्वागत चुकवू नका. बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आम्ही फाटकाशी उभे होतो आणि आतून एका बाईने लांबलचक, उंच हाक दिली. सगळे गणवेशातले पुरुष गप्प, आणि पहिला आवाज बाईचा! मला ते फार आवडलं. सभागृहात शिरताना बूट बाहेर काढायचे. विहाराची सवय असल्याने आपल्या लोकांना हे सांगावं लागलं नाही. विहाराची दुसरी सवयही कोणीतरी सोबत आणली होती, हे बाहेर आल्यावर कळलं. माझ्या बुटांच्या जागी निळ्या जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. तळव्यावर पेनाने, चक्क मराठीत, 'सु' लिहिलेलं.

"आजी, मेबी इट वॉज अ मिस्टेक," इरा म्हणाली.

"जिला जहाजावर जायला बंद बूट हवे होते, ती जँडल्स ठेवून बंद बूट घेऊन गेली. याला इंग्रजीत मिस्टेक म्हणत असतील. आमच्या शाळेत म्हणत नव्हते."

जहाजावर चढायच्या शिडीपाशी पांढऱ्या गणवेशात हाना नावाची माओरी नौसैनिक उभी होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "किआ ओरा, फाएआ. सॉरी, जँडल्स चालणार नाहीत." किआ ओरा म्हणजे नमस्कार, फाएआ म्हणजे मावशी. मी नियमावर वाद घातला नाही. नियम बरोबरच होता. फक्त झालेली हकीकत सांगितली, गोदीची आणि गोवरची धरून. ती आत गेली आणि स्वतःचे पळायचे बूट व दोन जोड मोजे घेऊन आली. बूट माझ्या पायाला होड्यांसारखे होते. मोजे कोंबले, नाड्या तिनेच बांधल्या.

आणि मी जहाजावर चढले.

पितळ असं घासलेलं की त्यात माझं नाक दिसलं. दोरखंड चकलीसारखे गोल मांडून ठेवलेले. मागच्या डेकवर हेलिकॉप्टर, पाती दुमडून बसलेलं. विचाराल त्याला उत्तर मिळतं, आणि ते उपकार केल्यासारखं नाही. तेवढ्यात गस्तीचं मोठं विमान बंदरावरून इतकं खाली गेलं की पायाखालचं लोखंड थरथरलं. खाली धक्क्यावर नौसैनिकांनी हाका, म्हणजे माओरींचा आरोळ्या देत करायचा नाच, सुरू केला. पाय आपटले की पोटात ऐकू येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वारा होता, हेही खरं.

मग इंजिनरूमकडे उतरणारी उभी लोखंडी शिडी आली. हानाने माझ्या बुटांकडे पाहून मान हलवली. "नो, फाएआ. या बुटांत नाही. तुम्ही पडाल."

"माझे बूट असते तर?"

"स्वीट अ‍ॅज. मग चाललं असतं. पुढे मी, मागे तुम्ही."

मी वरून डोकावले. गरम वास आला, डिझेलचा आणि साबणाचा. यांच्या शर्टाला यायचा तोच. दिसला फक्त शिडीचा खालचा दांडा.

परतताना हानाला तिचे बूट आणि माझ्या डब्यातल्या शंकरपाळ्या दिल्या. समुद्रकिनारी कागदात बांधलेले फिश अँड चिप्स खाल्ले, समुद्रपक्ष्यांनी अर्धे लांबवले. रात्री आठला घरी. जँडल्स धुऊन व्हरांड्यात ठेवल्या आहेत.

तर, 'सु'बाई. त्या दिवशी ऑकलंडहून परस्पर आलेली आपली पुष्कळ माणसं हा ब्लॉग वाचतात, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोहोचेलच. बूट ठेवा. पण माझे बूट घालून तुम्ही ती शिडी उतरलात, तेव्हा खाली काय पाहिलंत ते मला कळलं पाहिजे. रंग कोणता होता, फरशीवर तेल होतं का, जहाज छातीत वाजत होतं का, सगळं लिहा. आणि मुख्य प्रश्न: माझ्या स्वयंपाकघरापेक्षा ती स्वच्छ होती का? माझं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही, ही सबब चालणार नाही. आधी चहाला या, ओट्याखालीसुद्धा बघा. उत्तर मात्र लेखीच हवं, रविवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत.