भिंगरी कुणाकडून आली

आमची जुळी आहेत. मुलगा शांत, ताटात वाढलेलं गुमान खाणारा. मुलगी म्हणजे पायाला भिंगरी. तिसरीत गेली तरी एका जागी टेकायचं नाव नाही. घास तोंडात घेऊन उठणार, पाणी आणायला गेली की तांब्या तिथंच ठेवून मांजरामागं पळणार. शाळेतून रोज तक्रार. पोरगं असं असतं तर गल्लीनं कौतुक केलं असतं, रग आहे म्हणाली असती, तालमीत घाला म्हणाली असती. पोरीला मात्र सगळ्यांनी खुळ्यात काढलं. सासूबाई माझ्याकडं बघत म्हणायच्या, खाण तशी माती. माझं माहेर आजऱ्याचं, म्हणजे खाण आजऱ्याची! मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. खाण एवढी वाईट होती तर मागणी घालायला कशाला आला होता, असं एकदा विचारलंच.

ह्यांचं मात्र ठरलं होतं. मलकापूरकडं एक निवासी शाळा होती, तिथं तिला ठेवायचं. हे स्वतः लहानपणी तसल्याच एका शाळेत राहिलेले. मी तिथंच सरळ झालो, हे ह्यांचं पालुपद. माळ्यावरची स्वतःची जुनी ट्रंक काढली, आपल्या गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये नेली आणि हातानं निळा रंग मारून आणली. तिच्यात फ्रॉकांच्या घड्या मी घातल्या, दातओठ खात. आठ वर्षांची पोर हो! माझ्या अंगावर पाय टाकल्याशिवाय तिला झोप लागत नाही. भाऊ ट्रंकेभोवती घुटमळायचा आणि विचारायचा, मला पण नेणार काय?

वर्गाच्या बाईंनी सांगितलं म्हणून मी तिला मुलांच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात न्यायला लागले. पहिल्या दिवशी बाकावर बसले आणि बघतच राहिले. मला वाटायचं, असलं पोर अख्ख्या कोल्हापुरात आमच्याच घरी. तिथं एक पोरगा बाकाखालून सरपटत होता. एक चष्म्याची मुलगी नुसती भिंतीकडं बघत बसलेली, आई हाका मारून थकली तरी तिला पत्ता नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, ह्याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी ठरत नाही, आणि वर्गावर्गात असं एखाददुसरं मूल असतंच. दंगा करणारी लवकर नजरेत येतात, गप्प बसून हरवणाऱ्या मुली राहूनच जातात.

माझं काय चुकलं, ते मी विचारून घेतलं. लाड, मोबाईल, माझी नोकरी, सगळं त्यांच्यापुढं ओतलं. त्यांनी मान हलवली. असं एकच कारण नसतं, म्हणाल्या. पुष्कळदा घराण्यातून येतं. दिवस भरायच्या आधी झालेल्या, वजन कमी भरलेल्या मुलांत जास्त दिसतं. आमची जुळी आठव्या महिन्यातच झाली. मुलगा बरा होता, ही मात्र एवढीशी, किती तरी दिवस काचेच्या पेटीत होती. एकच पोट, एकच घर, एकच आई, आणि दोघांत हे एवढं अंतर. मी तर हातच जोडले. कुणाला, ते मला माहीत नाही.

मग त्या म्हणाल्या की हिला ऐकू येत नाही असं नाही, हिला सगळंच एकदम ऐकू येतं. मी बाहेर येऊन तसं ऐकून बघितलं. पंख्याची खरखर, रस्त्यावरचा हॉर्न, कुणाचं तरी खोकणं, शिपायाचा फोन, शेजारच्या बाईच्या बांगड्या. सगळं सारखंच मोठं धरून बसले आणि थोड्या वेळात माझं डोकं भणाणलं. ही पोर त्यातून रोज शाळा करते, मार खाते, आणि घरी हसत येते. नादखुळा काळीज आहे पोरीचं!

शेवटच्या खेपेला हे आले, तेही सोमवारी ती जाणार म्हणजे जाणार असं बजावून. डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं, घरात लहानपणी असं आणखी कुणी होतं का? आता आजऱ्याचं नाव निघणार म्हणून मी पदर खोचूनच बसले होते. ह्यांचा पाय मघापासून टेबलाखाली हलत होता. तो थांबला.

"मी," हे म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढून सगळा संसार गेला. रोज हरवणारी गाडीची किल्ली, ताटावरून अर्ध्यात उठणं, गॅरेजमध्ये एकदम उघडून ठेवलेल्या चार गाड्या. इतकी वर्षं मी ह्याला माणसाचा स्वभाव समजून भांडत आले. आणि माझ्याच पोरीत तो रोज माझ्यासमोर नाचत होता.

घरी आल्यावर ह्यांनी ट्रंक ओढली आणि एकेक फ्रॉक काढून कपाटात ठेवायला लागले, घडी मोडत. सासूबाई दारात आल्या. असं काय करतोस, म्हणाल्या, तू तिथं सरळ झालास की.

"सरळ न्हाय झालो, आई. गप झालो."

सासूबाई उंबऱ्यावरच बसल्या. ट्रंक रिकामी झाली तशी पोरगी तिच्यात चढून बसली, भावाला हाक मारली, आणि तो यायच्या आत उडी मारून बाहेर पळाली. दार सताड उघडं टाकून. हे उठले आणि तिच्यामागं गेले, अनवाणीच.