लाल दोऱ्याचा कप

स्वयंपाकघराच्या फळीवर एक कप बाकीच्यांपासून लांब, एकटाच उपडा असतो. त्याच्या कानाला आईने लाल दोरा बांधलाय. दादाला हिपॅटायटिस बी निघाल्यापासून तो कप त्याचा. डॉक्टर म्हणाले होते, हा आजार उष्ट्याने नाही, रक्तातून पसरतो. दाढीचं रेझर वेगळं ठेवा, सगळ्यांनी तपासून लस घ्या. मीही सांगून थकले. माणूस भीतीलासुद्धा ओळखीच्याच जागी बसवतो, आणि आमच्या घरात ती जागा उष्ट्याची. मी आणलेलं नवं रेझर अजून पाकिटातच आहे.

आज बाबा दादाच्याच रेझरने दाढी करून चहाला आले. हनुवटीवर रक्ताचा ठिपका होता. मी दादाचा कप उचलला, तर आई म्हणाली, "राहू दे, त्याला हात नको लावूस."