सात सह्यांचं विमान

बोलता बोलता ते तळहात पालथा करून हवेवर दाबत. टेबलापासून वीतभर उंचीवर, जणू तिथे गादी अंथरली आहे. मग म्हणत, "वारा रिकामा न्हाई, सर. दाबाया यायला पायजे."

नेकनूरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो आणि ते विहिरींवरचे पंप दुरुस्त करत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नखांत कायमचं ग्रीस, पण पुस्तक घेण्याआधी हात पायजम्याला दोनदा पुसणार. आमच्याकडे एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. त्यात जुन्या उडत्या यंत्रांच्या पेटंटची चित्रं होती. एक छत्रीसारखं उघडमीट करणारं, एक गोल कड्याच्या पंखाचं, एकात खिडकीच्या पट्ट्यांसारखे पंखांवर पंख रचलेले. ते एकेकावर बोट ठेवत आणि शांतपणे सांगत, "हे पडलं आसंल." मी खालचा मजकूर वाचायचो. बहुतेक वेळा पडलेलंच असायचं.

त्यांचं स्वतःचं यंत्र पंपाच्या फूटव्हॉल्व्हवरून सुचलेलं होतं. विहिरीतल्या पाइपच्या तळाशी ही झडप असते. ती पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही. तशाच रबरी झडपा त्यांनी पंखांना बसवल्या. पंख वर जाताना त्या उघडत आणि हवा निसटे. खाली येताना मिटत आणि हवा दाबली जाई.

खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांच्या पूजेत त्यांनी बाजेएवढं ते यंत्र मांडलं. नारळ फोडला, मोपेडचं इंजिन सुरू केलं. पंख फडफडले, सांगाडा थरथरला, जमिनीपासून वीतभर उचलला गेला, दोन श्वास तसाच राहिला आणि आदळला. बघणारे सात जण होते, आठवा मी.

लगेच त्यांनी मला पंचनामा लिहायला बसवलं, शेताच्या बांधाचा लिहितात तसा. चार माणसांनी बघितलं की हक्क पक्का, हा त्यांचा हिशेब. सातही जणांनी सह्या केल्या. लिहिणाऱ्याने सही करायची नसते, असं सांगून मी टाळली. खरं म्हणजे वाचनालयाच्या कमिटीत हसू होईल, ही भीती होती. बीडच्या एका दैनिकाला बातमीही मीच पाठवली, झडपांच्या वर्णनासकट, पण निनावी.

हळदीवर परदेशात कुणी हक्क सांगितल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. उद्या एखादी कंपनी आपल्या झडपाही उचलून नेईल, या विचाराने त्यांची झोप गेली. पेटंटचा अर्ज मी इंग्रजीत लिहिला. पुरावा म्हणून पंचनाम्याची प्रत आणि बातमीचं कात्रण त्यांनी स्वतः टाचलं.

बीडच्या पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपुढे आमच्या आधी तिघे होते. अर्जासोबत आलेली माहितीपुस्तिका मी सहज चाळत होतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, अर्जाआधी जे लोकांपुढे आलं, त्याला पेटंट नाही. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ते दोन कागद काढून टाका, कुणाला कळणार नाही.

ते पाकिटाकडे बघत राहिले. रांग सरकली.

"कावून काढू? त्या सात जणांनी बघितलं न्हाई म्हणू का?"

"तसं कुणी विचारतच नाही."

"मला तर ठावं हाय." पुढचा माणूस खिडकीशी पोचला होता. ते हळूच म्हणाले, "तुमची सही न्हाई त्यात, सर. तुमाला सोपंय."

त्यांनी पाकीट जिभेने ओलं करून चिकटवलं आणि खिडकीत सरकवलं.

पुढचे कित्येक महिने पोस्टमनची सायकल दिसली की दुकानातला पाना थांबायचा. मी तिकडून जाणंच सोडलं. शेवटी उत्तर घेऊन तेच वाचनालयात आले. यंत्र अर्जापूर्वी लोकांसमोर उडवून दाखवलं असल्याने पेटंट देता येत नाही, असं त्यात होतं. मला दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजी उडालं, हे सरकारनं मानलं," ते म्हणाले. हसले की नाही, ते मला नक्की आठवत नाही. हात मात्र हवेवर दाबला नाही. त्यानंतर तो दाबलेला मी कधीच पाहिला नाही.

पंप ते शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिले. तेराव्यानंतर त्यांच्या मंडळींनी मला बोलावून मूळ पंचनामा हाती दिला. म्हणाल्या, "हे तुमी ठिवा. म्हणायचे, सरांचं काम ऱ्हायलंय त्यात."

घरी येऊन घडी उलगडली. सात सह्यांच्या खाली त्यांनी शिसपेन्सिलीने आठचा आकडा घालून ठेवला होता. पुढची जागा कोरी होती.

मी सही केली. तारीख त्या खंडेनवमीची घालावी असं फार वाटलं. आजची घातली.