खंडेनवमीला पुजलेली कुलपं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतेय. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी हसणारी मी. मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची... दार नीट लागलंय ना? घरातून निघताना कुलूप ओढून बघते, कोपऱ्यापर्यंत जाते, परत येऊन पुन्हा ओढते. भाऊ यावरून माझी भरपूर चेष्टा करतो. पण शाहूपुरीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, लहानपण कुलपांच्या खोक्यांवर बसून गेलंय, मग दुसरं काय होणार!

तर आमच्या कोल्हापुरातल्याच कॅम्पसवरची ही गोष्ट. नाव लिहीत नाही. होस्टेलच्या मागे पत्र्याचं सायकल स्टँड आहे आणि त्याला लागून वॉचमनची छोटी केबिन. त्या वर्षी सायकली एकामागून एक चोरीला जात होत्या. शेवटी आम्ही काही विद्यार्थ्यांनीच एक पद्धत सुरू केली. पप्पांच्या दुकानातून एकाच बनावटीची कुलपं आणली, त्यांना ओळखीसाठी लाल ऑइलपेंट लावला. सुट्टीला गावी जाताना मुलांनी सायकल स्टँडवर ठेवायची, वॉचमननी साखळी घालून लाल कुलूप लावायचं, किल्ल्या केबिनमध्ये. केबिनच्या दारालाही एक नवं कुलूप आणलं, तेही लाल.

वॉचमन म्हणजे मारुतीमामा. गारगोटीकडचे. गावी बायको लकव्यानं आजारी, शेजारीण तिच्याकडे बघायची. औषधं सगळी या नोकरीवर. आणि एजन्सीच्या सुपरवायझरनं त्यांना सरळ सांगितलं होतं, अजून एक सायकल गेली तर उद्यापासून येऊ नका. मामांपेक्षा मलाच त्याचं जास्त टेन्शन आलं होतं.

खंडेनवमीला सुट्टी होती, पण माझ्या रोपांना पाणी घालायला मी दुपारी कॅम्पसवर गेले. स्टँडजवळ आले आणि बघते तर काय! मुलं गावी गेलेली, सायकलींची रांग उभी, आणि एकाही सायकलला कुलूप नाही! साखळ्या नुसत्या लोंबत होत्या.

केबिनमध्ये डोकावले तर मामा पाटासमोर बसलेले. पाटावर सगळी लाल कुलपं मांडलेली, उघडी, किल्ल्या त्यांच्यातच अडकवलेल्या. हळदीकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. मधोमध केबिनचं कुलूप. मामांनी हात जोडले होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "एवढी नोकरी ऱ्हाऊ दे बाबा. हितनं मला कुणी हलवू नगं."

"मामा, अहो हे काय केलंत?"

"हत्यार पुजलं की, ताई. शेतकऱ्याचं खुरपं, सुताराचा रंधा, तसं आमचं कुलूप."

"पण सायकली उघड्यावर आहेत ना! लावा बघू आधी."

"न्हाय ओ! पुजलेलं हत्यार सीमोल्लंघन झाल्याबिगर हलवायचं न्हाय. उद्या सांजच्याला सोनं वाटलं की लावतो."

मी विनवलं, रागावले, सुपरवायझरची आठवण करून दिली. मामा ढिम्म. मग पप्पांना फोन केला, दुसरी कुलपं द्या म्हणून. तर ते म्हणाले, "अगं, दुकानाची पूजा झाली. आता उद्यापर्यंत माल हलवायचा नाही." कपाळावर हात मारून घेतला! शेवटी सुतळीचं बंडल शोधलं आणि सायकली एकमेकींना बांधून टाकल्या. सुतळीनं कसला चोर थांबतोय! पण हात स्वस्थ बसेनात. मामा म्हणाले, "मी हितंच बसतो, तुम्ही जावा घरला." रात्रभर मला धड झोप लागली नाही.

दसऱ्याच्या सकाळी घरात तोरणं लागायच्या आधीच मी कॅम्पसवर होते. सुतळी कापलेली होती. कापलेले तुकडे सगळीकडे पडलेले आणि जमिनीवर ओरखडे, सायकली ओढल्याचे. पण चाकं फिरल्याची खूण नव्हती. मातीत नुसत्या घासल्याच्या चरी, हातभर लांब, आणि चरीच्या टोकाला सायकल तशीच सोडून दिलेली. एकही गेलेली नव्हती. मामा म्हणाले, पहाटे डोळा लागला, काही कळलं नाही.

मी जवळची एक सायकल ढकलली. चाक हलेना. ब्रेक बघितले, साखळी बघितली, सगळं मोकळं होतं. दुसरी ढकलली... तीही नाही. मामांनी खांद्यानं जोर लावला तरी चाकं जागची हलेनात. कुलूप लावल्यावर बसतात तशी ती गच्च बसली होती. आणि कुलूप तर एकालाही नव्हतं.

आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. पाटावरची फुलं जागच्या जागी होती. कुंकू विस्कटलेलं नव्हतं. पण सगळी कुलपं बंद झाली होती, किल्ल्या शेजारी काढून ठेवल्यासारख्या पडलेल्या. मामांचा चेहरा पांढरा पडला.

संध्याकाळी मामा दसरा चौकातून सीमोल्लंघन बघून आले. कुलपांवर आपट्याची पानं ठेवली, पाया पडले आणि पहिली किल्ली लावली. मी स्टँडवर एका सायकलचं हँडल धरून उभी होते. आतून खट्ट आवाज आला, आणि माझ्या शेजारच्या सायकलचं चाक आपोआप जरासं फिरलं. पुन्हा खट्ट... दुसरं चाक. शेवटी माझ्या हातातली सायकल अचानक सैल झाली आणि मी पडता पडता वाचले.

सगळ्या सायकली सुटल्या. केबिनचं कुलूप तेवढं उघडायचं राहिलं. त्याच्या दोन्ही किल्ल्या पाटावर नव्हत्या. केबिन झाडून काढली, निर्माल्य चाळलं, मिळाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला, सायकली जागेवर बघून गेला. मामांची नोकरी राहिली. मला इतकं हलकं वाटलं की त्या कुलपाचा विचारच केला नाही. दाराला दुसरं कुलूप आणलं, आणि ते बंद कुलूप मामांनी केबिनमध्ये खिळ्याला टांगून ठेवलं.

याला आता दोन दसरे झाले. मधल्या काळात एजन्सी बदलली, जुने वॉचमन सगळे गेले. मामा तेवढे राहिले. का ते नव्या सुपरवायझरलाही सांगता येत नाही. यंदा मामींचं दुखणं वाढलं, बघणारी शेजारीण लेकाकडे गेली. मामांनी राजीनामा दिला तर तो कुठं गहाळ झाला. पुन्हा दिला तर बदली माणूस हजरच झाला नाही. रजा टाकून गावी गेले, तर दिवस कलला की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं म्हणतात. केबिनमध्ये परत आल्यावरच श्वास मोकळा होतो. डॉक्टरांना काही सापडत नाही.

कुलूप कापा म्हटलं तर मामा तयार नाहीत, पुजलेलं हत्यार तोडायचं नाही म्हणतात. किल्लीवाला आणला होता. त्यानं आत तार घालून बघितली आणि म्हणाला, "आत कायबी लागत न्हाय ओ. निस्तं पोकळ हाय." पैसे न घेताच निघून गेला.

तुम्ही म्हणाल योगायोग असेल. मीही स्वतःला तेच सांगते. कळ गंजली असेल, चोरांना कुणाची चाहूल लागली असेल... पण त्या चाकांचं काय, ते मला आजही सांगता येत नाही.

परवा पाणी घालून निघाले होते. मामा केबिनच्या दारात उभे होते, गावी जायची पिशवी भरून खांद्याला लावलेली. म्हणाले, "ताई, तुमच्या पप्पांच्या दुकानात त्याची एखादी किल्ली घावतीया का बघा की. मालकीण एकटी हाय ओ तिकडं."

मी हो म्हटलं. पप्पांना विचारून झालंय, किल्ली नाही, हे माझ्या तोंडून निघालंच नाही. पाटासमोर हात जोडून त्यांनी काय मागितलं होतं, ते मी ऐकलं होतं. त्यांना ते आठवतंय का, हेही विचारवत नाही.

हल्ली घरातून निघताना मी कुलूप ओढून बघत नाही. लावते, आणि लगेच एकदा उघडून बघते.