नऊ गावांचा प्रश्न

विधानसभेत मागच्या बाकावर बसण्याचे दोन फायदे असतात. डुलकी लागली तर कुणाला दिसत नाही, आणि पुढच्या सगळ्यांची डोकी आपल्याला दिसतात. कोण कुणाच्या कानाला लागलाय, कोण मोबाइल बघतोय, कोण मंत्री बोलतोय म्हणून नुसती मान हलवतोय, सगळं कळतं. मी त्या बाकावर पाच वर्षं काढली. एकदाच निवडून आले, दुसऱ्यांदा पडले, आणि पडल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तेच आज सांगायला बसले आहे.

आधी मी तिथं गेले कशी ते सांगते, कारण लोक अजून विचारतात. माझं माहेर कराडजवळ, मलकापूरच्या पलीकडं. सासर आटपाडीच्या बाजूला. म्हणजे उसातली पोरगी माळावर दिलेली. शिक्षण चौथी. पुढचं वाचन मी पेंडीच्या पोत्यांवरून, पुडीच्या कागदावरून आणि मालक सरपंच असताना घरात येणाऱ्या सरकारी पत्रांवरून शिकले. तिकीट मिळालं ते मी मोठी होते म्हणून नव्हे. आमच्या भागातले दोन पुढारी एकमेकांना पाडायला बसले होते. तेव्हा पक्षातला एक म्हातारा म्हणाला, वहिनींना द्या, म्हणजे दोघांचा जळफळाट सारखा होईल. असं माझं नशीब उघडलं.

तिथं गेल्यावर कळलं की मागच्या बाकावरच्या माणसाला भाषण कुणी देत नाही. पण प्रश्न विचारता येतो. प्रश्न आधी लेखी द्यायचा, मग त्यांची सोडत निघते, आणि ज्याचा नंबर वर लागेल त्यालाच सभागृहात मंत्र्याला उभं करता येतं. बाकीच्यांना छापील उत्तर मिळतं. मला हे फार आवडलं. घरात सासूला, बाहेर मालकाला कधी प्रश्न विचारला नव्हता. इथं मंत्र्याला विचारायचा हक्कच होता की. मग मी सुटलेच. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा प्रश्न, अंगणवाडीतल्या अंड्यांचा, मेंढरांच्या डॉक्टरचा, फौजी माणसाच्या विधवेच्या पेन्शनचा, स्मशानभूमीच्या रस्त्याचा, एकदा तर माकडांचासुद्धा. शेजारच्या बाकावरचे सोलापूरकडचे आमदार म्हणायचे, "बाई, तुमचा प्रश्न म्हंजी भेळ हाय, कुठल्या खात्याचा निघंल सांगता येत न्हाई." मी म्हणायचे, आमच्या माळावर एकच खातं आहे, नसल्याचं.

पण माझे नंबर यादीत इतके खाली लागायचे की पहिली तीन वर्षं एकही प्रश्न सभागृहात पुकारला गेला नाही. सगळी छापील उत्तरं. 'हे अंशतः खरे आहे.' 'बाब तपासण्यात येत आहे.' ती उत्तरं मी घरी आणून वाचून दाखवायचे आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

चौथ्या वर्षी मी शाळेचा प्रश्न दिला. आमच्या गावासकट आसपासच्या नऊ गावांत शाळा दहावीपर्यंतच होती. मुलगे सायकलीवर, कुणाच्या गाडीवर मागं बसून आटपाडीला जायचे. मुली दहावी झाल्या की घरी. माझ्या चुलत जावेची थोरली त्या वर्षी दहावीला होती. तिचा बाप फौजेत. एकदा त्याच्या पायाला लागलं तेव्हा मायलेकी त्याला बघायला लष्कराच्या दवाखान्यात गेल्या, तिथं पोरीनं वर्दीतल्या नर्सबाई पाहिल्या, आणि तिथून तिनं धरलं की मला तेच व्हायचं. त्याला बारावी सायन्स लागतं, हेही तिनंच कुठून तरी काढलं. बाप फोनवरून म्हणायचा, गावात वर्ग असला तर डॉक्टर होईना का, पण रोजचं जाणं-येणं नको. मी म्हटलं, मलकापूरला माझ्या सख्ख्या भावाकडं ठेवते. तर म्हणाला, "वहिनी, पावण्यांच्यात पोरगी ठेवत न्हाई. राग मानू नका." माणूस वाईट नव्हता. लांब राहून घराची काळजी करायची तर अशीच होते.

आणि त्या मार्चच्या अधिवेशनात माझा प्रश्न तिसरा लागला. तिसरा म्हणजे पुकारला जाणारच.

आता यातली गंमत बघा. उत्तर द्यायला उभा राहणारा राज्यमंत्री माझा चुलतभाऊ, माझ्याहून लहान. लहानपणी उसाच्या पाल्यानं हात कापला की माझ्याकडंच रडत यायचा. आमचाच पक्ष, आमचंच सरकार. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानं दालनात चहाला बोलावलं. माणसं बाहेर काढली आणि म्हणाला, "आक्का, उद्या तुझा प्रश्न पुकारतील तवा तू बाकावर नको. खाली जाऊन चहा पी."

"का रं? उत्तर पाठ न्हाई व्हय तुझं?"

तो हसला. म्हणाला, "उत्तर छापल्यालं हाय. पर तू उठलीस की तुझ्या मागं धा जण उठत्यात, आमच्या तालुक्याचं काय म्हनून. मग मला समद्या राज्याचं बोलावं लागतंय. त्यापरास तुझ्या गावाला इशेष बाब म्हनून अकरावी सायन्स देतो. जूनला वर्ग चालू. फाइल हितं टेबलावर हाय."

"आनि बाकीची आठ गावं?"

"एका गावाचं गुपचूप होतंय, आक्का. नऊ गावांचं धोरण होतंय. आनि धोरण कवा हुतंय, त्ये मलाबी म्हाईत न्हाई."

खोलीवर येऊन मी जावेला फोन लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "त्यातलं तुमाला कळतंय, ताई. आमी काय सांगायचं?" मी त्याचा अर्थ 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असा घेतला. त्या वाक्याचा दुसराही अर्थ असतो, हे मागाहून माझ्या लक्षात आलं. सांगायचं असतं, पण तोंडानं मागता येत नाही, तेव्हाही आमच्यातल्या बायका असंच बोलतात. मीही आयुष्यभर तसंच बोलत आले होते.

मला त्या आठ गावांतल्या बायका दिसत होत्या. प्रत्येक गावात मी जाऊन आले होते, प्रत्येकीकडं चहा प्याले होते. त्यांना काय सांगणार, मी चहाला गेले होते म्हणून तुमचा प्रश्न राहिला? आणि खरं तर आणखीही एक होतं. तीन वर्षांनी नंबर लागला होता. मला बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न पुकारला आणि मी उठले. आवाज बरा लागला. म्हटलं, "अध्यक्ष महोदय, मंत्री महोदयांच्या उत्तरात लिहिलंय की मुलींना जवळच्या शाळेत प्रवेश उपलब्ध आहे. त्यांनी जवळ म्हणजे किती जवळ, ते एकदा आमच्या माळावरून उन्हाचं चालून सांगावं." सभागृह हसलं. पुढची डोकी पहिल्यांदा मागं वळली. भाऊ उभा राहिला. त्यानं मला 'सन्माननीय सदस्या' म्हटलं आणि माझ्याकडं न बघता उत्तर दिलं. तो म्हणाला होता तसंच झालं. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या तालुक्यासाठी उठले. शेवटी त्यानं आश्वासन दिलं, नऊच काय, राज्यातल्या अशा सगळ्या गावांचं सर्वेक्षण करून बृहत आराखडा तयार करू आणि एकाही मुलीचं शिक्षण थांबू देणार नाही. बाकं वाजली. मीही वाजवलं.

गावात हे सगळं मोबाइलवर दिसत होतं. देवळाच्या कट्ट्यावर रेंज येते, तिथं बायका जमल्या होत्या. आश्वासन ऐकल्याबरोबर साखर वाटली. मी घरी आले तेव्हा मला ओवाळलं, जावेनंच ओवाळलं. भावानं काय देऊ केलं होतं आणि मी का घेतलं नाही, हे मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं. सगळे म्हणाले, बरं केलंत. पोरगी पाठीमागं उभी होती. तीही हसत होती.

मुख्याध्यापकांनी सुट्टीत अकरावीसाठी एक खोली रंगवून घेतली. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. जून आला, शाळा भरली, वर्गाची परवानगी आली नाही. मी भावाला फोन केला. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "आता कशी देऊ आक्का? सभागृहात धोरण सांगून बसलोय. तुझ्या गावाला दिली की बाकीची आठ माझ्या दारात. आराखड्यात तुझं नाव हाय. थांबावं लागंल."

थांबायला मला काही नव्हतं, थांबायचं होतं तिला. एक वर्ष तिनं पुस्तकं वाचत काढलं. कुठूनशी जुनी अकरावीची पुस्तकं आणली होती. मी पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न दिला, त्याचा नंबर लागला नाही. आश्वासनं पुरी झाली का ते बघायला एक समिती असते, तिच्याकडं गेले. तिथं आमच्यासारख्या आश्वासनांची एवढी रांग होती की मीच आवाज खाली केला. दुसऱ्या वर्षी माझी निवडणूक गेली. पोरीला अठरा पूर्ण झाली आणि तिच्या बापानं सुट्टीत येऊन लग्न ठरवलं. मुलगा चांगला, सांगलीजवळ कुपवाडच्या कारखान्यात कामाला, निर्व्यसनी. लग्नात मी अक्षता टाकल्या. त्याच वर्षी जूनमध्ये वर्ग मंजूर झाले. एकट्या आमच्या गावाला नाही, नऊच्या नऊ गावांना, एका आदेशात.

उद्घाटनाला भाऊ आला. भाषणात म्हणाला, हे आक्काच्या जिद्दीचं फळ आहे. टाळ्या पडल्या. त्याला खोटं बोलायचं नव्हतं आणि ते खोटं नव्हतंही. पलीकडच्या गावातल्या दोन बायका मला मुद्दाम भेटायला आल्या होत्या. एकीची मुलगी अकरावीला बसणार होती. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मी मागं सरले.

जावेच्या घरी चहाला गेले तर पोरगी आलेली. नवऱ्याबरोबर गाडीवरनं सांगलीहून आली होती, सकाळपासून आईला मदत करत होती. हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. मी चुलीपाशी तिच्याजवळ बसले. म्हटलं, उशीर झाला गं.

तिनं चहा गाळता गाळता माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "काकी, तवा मला इचारलं असतं तर मी म्हनले असते, आपल्या गावापुरतं घ्या."

"आनि त्या आठ गावच्या पोरी?"

"त्यांचं त्यांच्या कुनीतरी मागितलं असतं की. माझं तुमच्याबिगर कोन मागनार हुतं?"

आणि कप माझ्या हातात दिला. बाहेरून नवऱ्यानं हाक मारली, त्याची दुपारची पाळी होती. तिनं पदर खोचला, आईला वाकली, मला वाकली आणि गेली. जाऊ चुलीकडं बघत राहिली. ती एवढंच म्हणाली, "साखर कमी झाली का, ताई?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

मी चुकले का? गेली कितीतरी वर्षं मी हे दोन्ही बाजूंनी मांडून बघते. त्या नऊ गावांतल्या दोघी-तिघी आता नर्सिंग शिकतात. एक तर मिरजेला दवाखान्यात लागलीसुद्धा. ते घडायला नको होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि तरी त्या संध्याकाळी भावाच्या दालनात मी पुन्हा बसले, तर काय करीन, ते मला आज सांगता येत नाही.

उद्घाटनादिवशी पहिल्या तुकडीतल्या मुलींनी मला मध्ये उभं करून फोटो काढला होता. तो शाळेच्या ऑफिसात लावलाय. मी त्यात हसते आहे. शाळेत गेले की मुख्याध्यापक ऑफिसात त्या फोटोसमोरच खुर्ची मांडतात, पंखा लावतात. मी म्हणते, राहू दे सर, व्हरांड्यात वारा चांगला आहे.