पाकिटं बदलून झाली, तरी

दातांच्या दवाखान्यात ती अकरा वर्षं मदतनीस होती. दाढ कोरण्याआधी पेशंटच्या तोंडात रबराचा पातळ पडदा ताणून बसवायचं काम तिचं. पडद्याला हात लावण्याआधी एक प्रश्न ठरलेला: रबराची ॲलर्जी आहे का? दिवसातून दहादा ती तो विचारायची आणि कागदावर खूण करायची. स्वतःला एकदा विचारून बघावं, हे मात्र कधी सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

मनगटावर पुरळ उठायचं. हातमोज्यांतल्या पावडरीचा दोष, असं ठरवून तिनं बिनपावडरीचे वापरले. मग साबणाला दोष दिला, मग पाण्याला.

घरातही तोच प्रकार. लेक सहा वर्षांची, दुसरं मूल नको होतं. गोळ्यांनी डोकं ठणकायचं, तांबी सोसली नव्हती, तेव्हा उरले निरोध. पण वर्षभरापासून दर वेळी नंतर आग व्हायची, सूज यायची, दोन-दोन दिवस धड बसवत नसे. तिनं वासाचे सोडले, रंगाचे सोडले, कंपन्या बदलल्या. लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा सुरुवातीला हसायचा. बाईसाहेब, आता दुकानदारालाच घरी आणून बसवतो, म्हणायचा.

मग हसणं आटलं. रात्री ती कपाटं आवरत बसायची, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. परगावी आठ महिन्यांचं काम निघालं, तेव्हा भाजी चिरणाऱ्या तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "जाऊ म्हणतो. इथे माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय?" त्याच्या साहेबांना शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ती भाजी चिरत राहिली. चार दिवस ती घरात हरवल्यासारखी फिरली. गॅस दोनदा बघायची, दाराची कडी तीनदा.

नेहमीचे हातमोजे संपल्यामुळे त्या आठवड्यात दवाखान्यात निळे आले होते. शनिवारी सकाळी डॉक्टर मॅडमनी तिचा हात दिव्याखाली धरला.

"अगं, पुरळ गेलं की तुझं. निळ्यांत लॅटेक्स, म्हणजे झाडाच्या चिकाचं रबर, नसतं. तुला ते रबरच सोसत नसणार. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस."

तिच्या दुसऱ्या हातात ट्रे तसाच. खुर्चीतले आजोबा आ वासून दोघींकडे बघत राहिले.

हत्यारं उकळायच्या खोलीत तिनं मॅडमना गाठलं. "ते... घरी वापरतो, तेही त्याच रबराचं असतं का?"

मॅडम जराही दचकल्या नाहीत. बहुतेक सगळं त्याच रबराचं, म्हणाल्या. वास बदलतो, जाडी बदलते, रबर तेच. पाकिटावर लॅटेक्स नाही असं स्पष्ट लिहिलेलं बघून घे. जनावराच्या आतड्याचे निरोधही मिळतात, पण त्यांनी आजार अडत नाहीत.

दुपारच्या सुट्टीत ती औषधांच्या दुकानात शिरली. मागे तीन गिऱ्हाइकं. दुकानदारानं न विचारताच सगळ्यात पातळ पाकीट पुढे सारलं.

"पातळ नको. लॅटेक्स नसलेलं हवं," ती म्हणाली. पेशंटशी बोलायचा आवाज आपसूक आला होता. मागे कुणीतरी खाकरलं; तिनं वळून पाहिलं नाही.

दुकानदार स्टुलावर चढून धुळीची दोन पाकिटं घेऊन उतरला. एक कारखान्यात बनवलेल्या रबराचं. झाडाच्या चिकातलं जे बाधतं, ते त्यात नसतं, म्हणाला. दुसरं पॉलियुरेथेनचं, त्यात रबरच नाही. पण हे सैल बसतं, कमी ताणतं, फाटायची भीती थोडी जास्त, सांभाळून वापरा. ती दोन्ही उलटसुलट करून बघत राहिली. दुधानं पोळलेली ती. ताकही फुंकून प्यायची वेळ. बिनरबराचं उचललं, आणि जवळजवळ पळतच नवऱ्याच्या कामाच्या इमारतीत गेली.

सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या मशीनखोलीत, तो ग्रीसनं माखलेल्या हातांनी वायर सोलत होता. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. "लेक बरी आहे ना?"

ती बरी आहे, म्हणत तिनं मनगट पुढे केलं, मग पाकीट. सगळं एका दमात सांगितलं, क्रम चुकवत, परत मागे जात.

तो बराच वेळ पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत राहिला.

"मला वाटलं, मीच नकोसा झालोय."

"तुला तसंच वाटत असणार, हे मला कळत होतं."

"मग बोलायचंस ना."

"तू विचारायचंस ना."

त्यानं हात पँटला पुसले. मग हळूच सांगितलं, की साहेबांना त्यानं सकाळीच हो कळवलंय. तिकीटही निघालं असेल.

नाही म्हणून सांगायला त्यानं साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. परत लावला. अडीचच्या पेशंटची वेळ होत आली होती. तिनं घड्याळ पाहिलं, आणि तारांच्या भेंडोळ्यावर बसली. तो तिसऱ्यांदा फोन लावत होता.